रजाविषयक वाद व लवाद (केंद्र सरकारी सेवा)

केंद्र सरकार आणि कर्मचारी संघटना यांच्यातील रजेसह सेवाविषयक वाद सोडवण्यासाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा १९६६ मध्ये स्थापन झाली. तिची गरज जुलै १९६० च्या संपाने दाखवून दिली होती. वाटाघाटी फिसकटल्या, तर वेतन-भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीनच विषयांवर सक्तीचा लवाद मागता येतो. दोन्ही बाजू पाच-पाच नावे देतात. त्यांतून एकेक सदस्य आणि वर तटस्थ अध्यक्ष नेमला जातो. रजेला येथे स्थान मिळाले हे योग्यच, कारण रजा ही मेहेरबानी नसून मोबदल्याचा भाग आहे. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण होते, ते उगीच नाही.

आक्षेप असा, की १९७२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. महाराष्ट्राचे १९८१ चे नियमही तेच सांगतात. पण ती तरतूद एखाद्याचा अर्ज कामाच्या निकडीपायी नाकारण्यापुरती आहे. वैयक्तिक गाऱ्हाणे लवादापुढे जातच नाही. त्यासाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. संपूर्ण वर्गाला किती रजा असावी, एवढेच लवाद ठरवतो. तिजोरीवर बोजा टाकणारा निर्णय त्रयस्थाने का द्यावा, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र अंतिम अधिकार संसदेचाच राहतो: निवाड्यात फेरबदल करायचा, तर सरकारला तो कारणांसह दोन्ही सभागृहांपुढे मांडावा लागतो. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केल्यानंतर तर लवादाकडे प्रकरण पाठवण्यात दिरंगाई झाल्यास ती अधिकच अन्यायकारक ठरते.