बंब (पाणी तापवण्याचे साधन)

बंब हे लाकूड, गोवऱ्या, कोळसा किंवा तत्सम घन इंधनावर आंघोळीचे पाणी तापवण्याचे घरगुती साधन आहे. तांब्याच्या किंवा पितळेच्या उभ्या नळकांड्याच्या मध्यभागी जाळाची नळी आणि तिच्या सभोवती पाणी, अशी त्याची रचना असते. विजेवरील जलतापक सर्वत्र पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्रातील अनेक शहरी व ग्रामीण घरांच्या न्हाणीघरात, पडवीत किंवा परसदारी बंब असे. मराठीत आग विझवणाऱ्या वाहनालाही ‘बंब’ म्हणतात. या लेखात केवळ पाणी तापवण्याच्या बंबाची माहिती दिली आहे.

नाव

‘बंब’ हा शब्द पंप या अर्थाच्या ‘बोंबा’ या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आल्याचे मानले जाते. पाणी उडवणारे यंत्र आणि पाणी तापवणारे भांडे या दोहोंना एकच नाव रूढ झाले. घरातील रद्दी, मोडके लाकूडसामान, निकामी वस्तू शेवटी बंबाच्या जाळात जात. त्यावरून एखादी गोष्ट टाकाऊ ठरवण्यासाठी ‘बंबात घालणे’ हा वाक्प्रयोग बोलीत रुळला.

पूर्वपीठिका

बंबाखेरीज पाणी तापवण्याच्या इतर पद्धतीही प्रचलित होत्या. स्वयंपाकाच्या चुलीला जोडून असलेल्या वैलावर, म्हणजे मुख्य चुलीच्या उरलेल्या आचेवर चालणाऱ्या दुसऱ्या तोंडावर, पाण्याचे भांडे ठेवले जाई. मोठ्या कुटुंबांत न्हाणीघरालगत वेगळी चूल मांडून तिच्यावर तांब्याचा हंडा कायमचा बसवत. कोकण, गोवा आणि कर्नाटकात ही पद्धत विशेष प्रचलित होती.

हंड्याच्या पद्धतीत ज्वाळा केवळ भांड्याच्या बुडाला व बाजूंना लागतात आणि बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेत निघून जाते. भांड्यावर काजळी धरते; ती सहज निघावी म्हणून बुडाला आधी राखेचा किंवा मातीचा लेप देत. बंबात जाळ आत व पाणी बाहेर असल्याने या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी टळतात. बंबाचे बाहेरचे अंग काळे पडत नाही. त्यामुळे तो घासूनपुसून लखलखीत ठेवता येतो.

रचना

बंबाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

बाहेरचे नळकांडे व मधली नळी: या दोहोंमधील कंकणाकृती पोकळीत पाणी राहते. मधल्या नळीतून जाळ आणि धूर वर जातो. इंधनही बहुधा वरूनच या नळीत टाकले जाते.

जाळी: नळीच्या तळाशी असलेल्या लोखंडी जाळीवर इंधन पेटते. जाळीखालून हवा आत शिरते आणि राख खाली पडते.

पाणी भरण्याचे तोंड: वरच्या बाजूस झाकण असलेल्या तोंडातून थंड पाणी ओततात. हे तोंड घट्ट बंद नसल्यामुळे वाफेचा दाब साठत नाही.

तोटी: गरम पाणी बाहेर घेण्यासाठी असते. काही बंबांत ती खालच्या भागात असते. काही प्रकारांत थंड पाणी नरसाळ्यातून थेट तळाशी जाते आणि तितकेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. गरम पाणी थंड पाण्याहून हलके असल्याने ते वर राहते, या तत्त्वाचा येथे उपयोग होतो. असा बंब कधी रिकामा होत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ आहे.

पाय: बंब जमिनीपासून उंच राहावा व जाळीखाली हवा खेळावी, यासाठी त्याला पाय किंवा बैठक असते.

कार्यपद्धती

इंधन पेटल्यावर नळीतील वायू तापून हलके होतात व वर चढतात; त्यांची जागा घेण्यासाठी जाळीखालून ताजी हवा ओढली जाते. हा ओढा एकदा सुरू झाला की फुंकणीची फारशी गरज राहत नाही. तप्त वायू वर जाताना नळीच्या संपूर्ण उंचीभर उष्णता देत जातात. नळीला सर्व बाजूंनी पाण्याचाच वेढा असल्यामुळे ती उष्णता सरळ पाण्यात उतरते. रशियातील व काश्मीरमधील समोवर याच तत्त्वावर चालतो. समोवर चहासाठी असतो, तर बंब आंघोळीसाठी.

तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे. त्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. साध्या पोलादाची सुमारे ५०, तर स्टेनलेस पोलादाची सुमारे १५ असते. तथापि बंबाचा पत्रा पातळ असल्यामुळे पाणी किती लवकर तापेल हे पत्र्यापेक्षा तप्त वायूंकडून पत्र्याकडे उष्णता किती वेगाने जाते यावर अधिक अवलंबून असते. तांब्याची निवड होण्यामागे ते ठोकून सहज आकार घेते, लोखंडाप्रमाणे गंजत नाही आणि जुने झाल्यावरही मोडीत चांगली किंमत देते, ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत.

इंधन

बंबाचे तोंड अरुंद असल्याने त्याला मोठे ओंडके चालत नाहीत. बारीक व हलके इंधन त्याला मानवते. प्रदेशानुसार उसाची चिपाडे, तुराट्या, पऱ्हाट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, नारळाच्या करवंट्या व सोडणे, गोवऱ्या, सुतारकामातील ढलप्या आणि लाकडी कोळसा वापरला जातो. शेतातील व घरातील टाकाऊ जिनसांतून रोजचे गरम पाणी मिळणे, हा बंबाचा मोठा आर्थिक लाभ होता.

२० लिटर पाणी २० अंश सेल्सियसपासून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. ही उष्णता विजेच्या सुमारे ०.६ युनिटइतकी आहे. वाळलेल्या लाकडाच्या १ किलोग्रॅममधून सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता मिळते. तिच्यापैकी एक तृतीयांश पाण्यात उतरली असे धरले, तर एका बादलीस सुमारे ४०० ग्रॅम लाकूड पुरते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. धूर वाढतो आणि नळीत चिकट काजळी साचते. म्हणून पावसाळ्यापूर्वी सरपण वाळवून कोरड्या जागी रचून ठेवणे हे घराच्या वार्षिक कामांपैकी एक असे.

निर्मिती

तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांना तांबट म्हणतात. पुण्यातील कसबा पेठेतील तांबट आळी या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या काळापासून तेथे त्वष्टा कासार समाजाच्या कारागिरांची वस्ती आहे. पत्रा कापून, वाकवून व सांधून बंबाचा सांगाडा तयार होतो. त्यानंतर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने पृष्ठभागावर एकसारखे ठोके दिले जातात. या कामाला मठारकाम म्हणतात. मठारल्याने पत्रा कठीण व मजबूत होतो आणि पृष्ठभागाला वैशिष्ट्यपूर्ण चमक येते. वापरामुळे काळवंडलेला बंब चिंच किंवा आमसुलाने घासतात. त्यांतील आम्लामुळे तांब्यावरील ऑक्साइडचा थर निघून जातो.

घरगुती जीवनातील स्थान

बंब पेटवणे हे पहाटेचे पहिले काम असे. आधी पाणी भरायचे आणि मगच जाळ घालायचा, हा त्याचा मूळ नियम होता. ज्याची आंघोळ होईल त्याने घेतलेल्या पाण्याइतके थंड पाणी पुन्हा ओतावे व जाळीवर थोडे इंधन टाकावे, अशी अनेक घरांत शिस्त होती. त्यामुळे एकाच जाळावर संपूर्ण कुटुंबाच्या आंघोळी उरकत. हिवाळ्यात बंबाभोवतीची जागाही उबदार होई आणि घरातील माणसे तेथे शेकत बसत. किती सरपणात किती पाणी तापले हे समोर दिसत असल्याने गरम पाणी जपून वापरण्याची सवय लागे. बंबाविषयीच्या आठवणींतून व्यक्त होणारे समाधान प्रामुख्याने या उबेशी आणि आपल्या हाताने राखलेल्या जाळाशी निगडित आहे. मात्र सरपण गोळा करणे, पाणी वाहून आणणे व राख काढणे हे कष्ट बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येत, ही त्याची दुसरी बाजू आहे.

दिवाळीत आश्विन वद्य चतुर्दशीस, म्हणजे नरकचतुर्दशीस, सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करण्याची प्रथा आहे. त्यासाठी आदल्या दिवशी बंब घासून, पाण्याने भरून सज्ज ठेवला जाई.

धूर, सुरक्षितता व पर्यावरण

लाकडाच्या धुरात सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड व अनेक हानिकारक सेंद्रिय संयुगे असतात. घरात जैवइंधन जाळल्याने होणारे उत्सर्जन मानवात ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. स्वयंपाकासाठी व इतर घरगुती कामांसाठी होणाऱ्या ज्वलनातून निर्माण झालेल्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

बंबाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका बंद न्हाणीघराचा आहे. ज्वाळा विझून केवळ निखारे उरले की धूर दिसत नाही. पण कार्बन मोनॉक्साइड तयार होतच राहतो. या वायूला रंग वा गंध नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो व माणूस नकळत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून पेटता किंवा निखारे असलेला बंब उघड्यावरच ठेवणे आवश्यक असते. रिकामा बंब पेटवल्यास सांधे वितळून तो गळू लागतो. प्लॅस्टिक व रंग दिलेले लाकूड जाळल्यास विषारी धूर होतो.

सरपणाचा प्रश्न जंगलांशीही जोडलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या ग्रामस्थांना वाघाच्या हल्ल्याचा धोका असतो. कमी लाकडात पाणी तापवणारे बंब अशा गावांत पोहोचवण्याचे उपक्रम त्यामुळे राबवले गेले आहेत. उघड्या चुलीऐवजी बंब वापरल्याने वाचणारी प्रत्येक मोळी तेथे जंगलातील फेऱ्या कमी करते.

सद्यस्थिती

विजेचे व गॅसचे जलतापक, सौर जलतापक आणि सदनिकांतील बंदिस्त न्हाणीघरे यांमुळे शहरांतून बंब जवळजवळ नाहीसा झाला. संक्रमणाच्या काळात काही कुटुंबांनी जुन्या बंबात विजेची कॉइल बसवून तो वापरात ठेवला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने ग्रामीण भागात स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार वाढवला. तरीही सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी आंघोळीचे पाणी सरपणावरच तापवणारी अनेक घरे आहेत. लोखंडी व स्टेनलेस पोलादाचे बंब आजही बाजारात मिळतात. तांब्याचे जुने बंब मात्र बहुधा मोडीत निघाले आहेत किंवा दिवाणखान्यात शोभेची वस्तू म्हणून उरले आहेत.

हे सुद्धा पहा

चूल
समोवर
सौर जलतापक
तांबट