पायगेम : एका थांबलेल्या कामाची पुढची वाटचाल

2000 साली पायथन ही भाषा शिकण्यास सोपी, पण चालण्यास मंद म्हणून परिचित होती. पडद्यावरील वस्तू हलती भासावी, तर सेकंदाला तीसएक वेळा चित्र नव्याने रेखाटावे लागते. 640 गुणिले 480 बिंदूंच्या पडद्यावर हा हिशेब सेकंदाला नव्वद लाख बिंदूंच्या वर जातो. प्रत्येक बिंदूसाठी पायथनची स्वतंत्र आज्ञा चालवणे त्या काळच्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचे होते.

सॅम लँटिंगा यांनी 1998 साली सी भाषेत एसडीएल ही लायब्ररी सुरू केली होती. पडदा, ध्वनी आणि कळफलक हाताळण्याची रीत तिने निरनिराळ्या संगणकांवर एकसारखी केली. तिला पायथनशी जोडणारा ‘पायएसडीएल’ हा प्रकल्प मध्येच थांबला. ऑक्टोबर 2000 मध्ये पीट शिनर्स यांनी ते काम नव्याने आरंभले आणि सहा महिन्यांत पायगेमची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. बिंदू रंगवण्याचे कष्ट सीकडे, खेळाचे नियम पायथनकडे, अशी ती वाटणी. शिवाय चित्राकडे आकड्यांची सारणी म्हणून पाहण्याची सोय तिच्यात होती, आणि त्यासाठी आधार घेतला होता ‘न्यूमेरिक’चा, म्हणजे आजच्या नमपायच्या पूर्वजाचा. तरंगाचे समीकरण सोडवून ती लाट त्याच क्षणी पडद्यावर पाहता येणे, ही खेळापलीकडची मिळकत होय.

मुक्त परवान्यामुळे ही लायब्ररी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’च्या मुलांसाठीच्या संगणकातही पोहोचली. त्याचा प्रोसेसर अवघा 433 मेगाहर्ट्झचा. तेथे सी-पायथनची ही वाटणी गरजेचीच होती. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्ये ती योजना नाकारली. तरी पुढच्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील खैरात येथील विसेक मुलांच्या शाळेत तिचा प्रयोग झाला.

फुकट मिळणाऱ्या वस्तूची डागडुजी कोणी करायची, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. पायगेमच्या 1.9.1 आणि 1.9.2 या लगतच्या आवृत्त्यांमध्ये सात वर्षांचे अंतर पडले. दरम्यान 2013 मध्ये एसडीएलची दुसरी पिढी आली आणि पायगेम जुन्या पायावरच राहिली. पायगेम 2 प्रसिद्ध झाली ती 28 ऑक्टोबर 2020 रोजी, आरंभानंतर वीस वर्षांनी. 2023 मध्ये तिच्या अनेक योगदानकर्त्यांनी वेगळी चूल मांडून ‘पायगेम-सीई’ ही शाखा काढली. प्रोग्राममध्ये आयात करताना मात्र नाव अजूनही ‘पायगेम’ असेच लिहावे लागते.