होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि मिस्त्रीचा अंगठा

इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1930च्या दशकात वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीही मागवली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने घडवली.

सुपरचार्जर, 8 सिलिंडर, 32 व्हॉल्व्ह! असं इंजिन खोलून पुन्हा जुळवणं म्हणजे कसोटीच.

जुळणीनंतर गाडी सुरू होईना, तर त्या काळच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नव्हता, अंगठा होता. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. हवेनं अंगठा उचलला की पिस्टन कॉम्प्रेशनवर आला. त्या क्षणी डिस्ट्रिब्यूटरचा रोटर पहिल्याच सिलिंडरच्या वायरीकडे हवा. तो अर्धा फेरा चुकला, तर ठिणगी पडते, पेट्रोल येतं, पण इंजिन कार्ब्युरेटरमधून नुसते बार काढतं. जुन्या अँबेसेडरला आजही हीच तपासणी लागू पडते.