शहराचे आमंत्रण कोणाच्या नावाने?

जुन्या मराठी कागदपत्रांत डच लोकांना 'वलंदेज' म्हटलेले आढळते. १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, तेव्हापासून हे नाव आपल्या कोकणपट्टीच्या ओळखीचे आहे. ज्या कंपनीची ती वखार होती, ती १६०२ साली स्थापन झाली आणि तिच्या कारभारात ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचे वजन सर्वांत अधिक होते. जगभर जाऊन माल आणणारे हे शहर पुढे जगालाच आपल्या दारी बोलावू लागले, आणि अखेरीस काही पाहुण्यांना 'येऊ नका' असे सांगण्याची पाळी त्याच्यावर आली. पाहुणे बोलावण्याच्या या उद्योगाचा इतिहास आम्हांला येथे पाहावयाचा आहे.

देवदर्शनासाठी, जत्रेसाठी, हवापालटासाठी माणसे पूर्वीपासून गावोगाव जात आली. परंतु गावानेच एक कचेरी थाटावी आणि तिने पगारी माणसे नेमून परक्यांना बोलवावे, ही कल्पना फार जुनी नाही. नेदरलंड्समध्ये १८८५ साली फाल्केनबर्ग या लहानशा गावी प्रवाशांच्या सोयीसाठी पहिली संस्था निघाली. अमेरिकेत १८९६ साली डेट्रॉइट शहरातील व्यापाऱ्यांनी परिषदा व अधिवेशने आपल्या गावी भरावीत म्हणून एक मंडळ स्थापिले. अधिवेशनाला आलेला प्रतिनिधी खाणावळीत जेवतो, दुकानात खरेदी करतो आणि खिसा हलका करून परत जातो, हे त्या चतुर लोकांनी हेरले होते. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे आमंत्रण गावाच्या नावाने निघत असले तरी ते धाडणारा मुख्यतः व्यापारी होता.

अशा कचेरीचे काम कसे चालते? ती पाहुण्यांसाठी नकाशे व माहितीपत्रके छापते, परदेशी वृत्तपत्रांच्या लेखकांना बोलावून शहर दाखविते, परिषदा मिळविण्यासाठी इतर शहरांशी चढाओढ करते, आणि संग्रहालये, ट्राम व नौका यांचे एकत्रित तिकीट विकते. मात्र तिच्याजवळ विकावयास स्वतःचे असे काहीच नसते. कालवे खोदले पूर्वजांनी, चित्रे रंगविली रेम्ब्रांटसारख्यांनी, आणि रस्ते झाडते नगरपालिका. कचेरी विकते ते केवळ शहराचे नाव. म्हणून ते नाव लोकांच्या मनात कसे ठसेल, याची तिला रात्रंदिवस चिंता.

ॲम्स्टरडॅमने ही चिंता २००४ साली मोठ्या कल्पकतेने सोडविली. त्या सुमारास युरोपातील इतर शहरे पुढे सरसावत होती, आणि ॲम्स्टरडॅम म्हणजे गांजा व वेश्यावस्ती ही ख्याती शहराला जड होऊ लागली होती. तेव्हा एक घोषवाक्य निघाले: 'आय ॲम्स्टरडॅम'. इंग्रजीत 'आय ॲम' म्हणजे 'मी आहे', आणि शहराच्या नावाचा आरंभही 'ॲम' याच अक्षरांनी होतो. वाक्याचा अर्थ असा झाला की, मीच ॲम्स्टरडॅम. येथील कारागीर, विद्यार्थी, व्यापारी या सर्वांनी मिळून शहर होते, असा त्यातील उदार भाव होता. राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयामागील पटांगणावर या शब्दांची पुरुषभर उंचीहून मोठी अक्षरे उभी राहिली. पाहुणे त्यांवर चढत, त्यांत बसत आणि छायाचित्रे काढून जगभर धाडीत. फुकटात एवढी जाहिरात क्वचितच कोणा शहराला लाभली असेल.

पुढे आमंत्रणाचा पसारा वाढला. गर्दी आसपासच्या मुलुखात पांगावी म्हणून झांडफोर्ट या समुद्रकाठच्या गावाला 'ॲम्स्टरडॅमचा किनारा' आणि माउडन येथील मध्ययुगीन गढीला 'ॲम्स्टरडॅमचा किल्ला' म्हणून पुढे करण्यात आले. २०१० साली सतराव्या शतकातील कालव्यांचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. २०१३ साली राइक्सम्युझियम दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले. पाहुण्यांचा लोंढा वाढत गेला.

याचे सारे श्रेय, किंवा सारा दोष, त्या घोषवाक्याच्या पदरी घालणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्याच काळात विमानप्रवास स्वस्त झाला, आणि राहत्या घरातील खोल्या संगणकावरून परक्यांना भाड्याने देण्याची सोय झाली. कचेरीने दार उघडले हे खरे. पण दारापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच कोणी रुंद केला होता. तथापि पाहुण्यांची संख्या वाढली की कचेरी तीच आपल्या यशाची खूण म्हणून दाखवीत आली. मग त्याच संख्येचा त्रास होऊ लागल्यावर तिला हात कसे झटकता येतील?

त्रास खराच होता. कालव्याकाठच्या अरुंद गल्ल्यांत रात्री दारुड्यांचा गोंगाट चाले. नित्याच्या गरजेच्या दुकानांच्या जागी पाहुण्यांना चीज व मिठाई विकणारी दुकाने आली. राहती घरे पाहुण्यांच्या बिऱ्हाडांत गुंतली आणि स्थानिकांना जागा मिळणे कठीण झाले. मग त्या अक्षरांकडेच लोक वेगळ्या दृष्टीने पाहू लागले. 'मीच ॲम्स्टरडॅम' असे म्हणत फोटो काढणारा माणूस दोन दिवसांनी निघून जाणार. आणि जो खरोखरच ॲम्स्टरडॅम आहे त्याला रात्री झोप नाही! नगरसभेने ठराव केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ती अक्षरे पटांगणावरून उचलण्यात आली. पुढच्याच वर्षी देशाच्या पर्यटन मंडळानेही केवळ प्रचाराचे धोरण सोडून गर्दीचे नियमन करण्याकडे वळत असल्याचे जाहीर केले.

यानंतरचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुमारे तीस हजार रहिवाशांनी सह्या करून मागणी केली, आणि २०२१ साली शहराने नियमच केला की, वर्षाला पाहुण्यांच्या मुक्कामाच्या रात्री दोन कोटींवर जाऊ नयेत. एक कोटी ऐंशी लाखांचा आकडा दिसू लागताच उपाय योजावेत. २०२३ साली शहराने इंग्लंडमधील तरुण पुरुषांना उद्देशून जाहिराती दिल्या. लग्नापूर्वीच्या धांगडधिंग्यासाठी ॲम्स्टरडॅमचा शोध घेणाऱ्याला पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या दारुड्याचे चित्र दिसे, आणि त्याचा मथितार्थ 'दूर राहा' असा होता. २०२४ साली निवासभाड्यावरील प्रवासी-कर साडेबारा टक्के झाला, आणि जुने हॉटेल बंद झाल्यावाचून नवे उघडू द्यावयाचे नाही असे धोरण ठरले.

एवढे करूनही दोन कोटींची मर्यादा ओलांडली गेलीच. एकदा दूरवर पोहोचलेले आमंत्रण मागे घेणे किती अवघड असते, ते यावरून दिसते. शिवाय या उपायांत एक काटाही आहे. कर वाढविला की गरीब प्रवासी मागे राहतो आणि श्रीमंत येतच राहतो. रेम्ब्रांटची चित्रे पाहण्याची ओढ काही केवळ धनिकांनाच नसते. गर्दी कमी करण्याच्या नादात शहर पैसेवाल्यांचे अंगण होऊ नये, ही काळजीही त्यांना वाहावी लागेल.

तिथी न ठरवता येतो तो अतिथी, असा अर्थ आपल्याकडे सांगतात. आजचा प्रवासी तिथी ठरवून, तिकीट काढून येतो; म्हणजे तो येण्यापूर्वी विचार करण्यास यजमानाला पुरेसा अवकाश असतो. घरात कोणी पाहुणा बोलावला तर जो स्वयंपाक करणार, जो अंथरूण सोडून देणार, त्याला आधी विचारण्याची रीत आहे. शहराला ही रीत लागू नाही असे मानण्याचे कारण काय? डेट्रॉइटच्या व्यापाऱ्यांनी आमंत्रणाची कला शोधली; ते कोणाच्या संमतीने धाडावे, हा प्रश्न ॲम्स्टरडॅमच्या रहिवाशांनी सव्वाशे वर्षांनी विचारला. जे गाव आज नवी माहितीपत्रके छापावयास निघाले असेल, त्याने तो छापण्यापूर्वीच विचारावा, एवढेच आमचे सांगणे आहे.