अल्टिमीटर घड्याळ घेताय? आधी समजून घ्या, ते उंची मोजतं कसं

हिमालयातल्या कॅम्पवर रात्री झोपताना घड्याळात ३,६०० मीटर उंची दिसत होती. सकाळी ३,६४०. तंबू जागचा हललेला नाही. मग घड्याळ बिघडलं का? बहुतेक नाही. रात्रीत हवेचा दाब घसरलाय आणि हवामान बिघडण्याची ही खूण असू शकते.

यामागचं कारण सोपं आहे. बॅरोमेट्रिक अल्टिमीटर उंची थेट मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा हिशेब करतो. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. पण दाब हवामानामुळेही बदलतो, आणि तो चढण्यामुळे कमी झाला की ढगांमुळे, हे सेन्सरला कळत नाही. पावसाळी ट्रेकमध्ये दाब ६ हेक्टोपास्कलने उतरला तर आकडा जवळपास ५० मीटरने चुकतो. धुक्यात नकाशावर उंची जुळवून वाट शोधणाऱ्याला एवढी चूक भलत्याच घळीत उतरवू शकते.

म्हणून घड्याळ निवडताना पहिला प्रश्न हा: उंची हाताने सेट करता येते का, आणि तीही हातमोजे घालून? कळसूबाईच्या माथ्यावर पोहोचलात की १,६४६ मीटर टाका, पुढे खिंड किंवा गाव लागलं की पुन्हा जुळवा. दुसरं म्हणजे मुक्कामी उंची स्थिर ठेवून फक्त दाब नोंदवणारा मोड हवा. वादळाचा अलार्म तेव्हाच खऱ्या अर्थाने कामाचा.

मग जीपीएसवाली घड्याळं? त्यांच्या उंचीवर हवामानाचा परिणाम होत नाही, पण खोल दरीत, कड्याखाली आकडा भरकटतो आणि बॅटरीही लवकर संपते. गार्मिन, सुंटोच्या अनेक मॉडेलांत दोन्ही सोयी असतात. लांबच्या मोहिमेवर चार्जिंगची सोय नसेल, तर कॅसिओ प्रो ट्रेकसारखं सौर घड्याळ किंवा सुंटो कोरसारखं साध्या बटन सेलवर चालणारं घड्याळ जास्त भरवशाचं. सेल मात्र जास्तीचा न्या, थंडीत तो लवकर मान टाकतो.

सेन्सरचं बारीक छिद्र घाम-मातीने बुजतं, ते गोड्या पाण्याने धुवा. एसपीओ२ वगैरेसाठी जादा पैसे मोजण्याआधी मात्र विचार करा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. तो पाळायला नीट जुळवलेला उंचीचा आकडा पुरतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर मनगटावर काहीही दिसत असो, तिथून पुढे चढू नका.