गोल पन्नास, बारा कडांचे पन्नास

ऑस्ट्रेलियाचं पन्नास सेंटचं नाणं आधी बोटांना कळतं, मग डोळ्यांना. बारा कडा, गुळगुळीत काठ, सुमारे साडेएकतीस मिलिमीटर रुंदी आणि साडेपंधरा ग्रॅम वजन. रोजच्या व्यवहारात फिरणारं ते त्या देशातलं सर्वांत मोठं नाणं. त्याच किमतीचं आणि जवळपास त्याच रुंदीचं, पण गोल आणि दातेरी काठाचं एक नाणं त्याच्या आधी होऊन गेलं. त्यावर साल एकच, १९६६. आधुनिक ऑस्ट्रेलियन नाणी जमवायला नव्याने बसणाऱ्याला ही जोडी फार सोयीची. धातू, वजन, काठ, साल या ज्या गोष्टी संग्राहकाला पुढे जन्मभर पाहायच्या असतात, त्या सगळ्या या दोन नाण्यांतच शिकून होतात.

दशमान पद्धत ऑस्ट्रेलियात आली १४ फेब्रुवारी १९६६ रोजी. आपण आणे-पैंचा हिशेब १९५७ मध्येच सोडला होता. तिकडे मात्र तोवर वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग चालूच होता. एका पौंडाचे दोन डॉलर ठरले. त्यामुळे सहा पेन्सचे पाच सेंट, शिलिंगाचे दहा आणि दोन शिलिंगांच्या फ्लोरिनचे वीस सेंट झाले. ही नवी नाणी मुद्दाम जुन्यांच्याच मापाची पाडली गेली, म्हणजे दोन्ही काही काळ एकाच गल्ल्यात नांदू शकली.

पन्नास सेंट म्हणजे पाच शिलिंग. या किमतीचा पूर्वज शोधायला गेलं तर एकच सापडतो, तो म्हणजे क्राउन. सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने १९३७ मध्ये तो निघाला, १९३८ मध्ये पुन्हा पाडला गेला आणि तिथेच संपला. अठ्ठावीस ग्रॅमचं हे धूड खिशात बाळगायला लोक राजी नव्हते. तेव्हाचे अर्थमंत्री रिचर्ड केसी यांच्या नावाने त्याला ‘केसीचं गाडीचं चाक’ असं टोपणनाव पडलं. हेच केसी पुढे बंगालचे गव्हर्नर होऊन गेले आणि १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल झाले. पाच शिलिंगांच्या दुसऱ्या नाण्याची फजितीही त्यांनी त्या खुर्चीत बसून पाहिली.

नव्या नाण्यांच्या मागच्या बाजू घडवल्या जिलाँगमध्ये जन्मलेल्या स्टुअर्ट डेव्हलिन या सुवर्णकाराने. पाच सेंटवर अंगावर काटे असलेली एकिडना, दहावर लायरबर्ड, वीसवर प्लॅटिपस. पन्नासवर मात्र देशाचं राजचिन्ह आलं: मध्ये सहा राज्यांची ढाल आणि तिला दोन बाजूंनी धरून उभे असलेले कांगारू आणि एमू. दर्शनी बाजूला आर्नल्ड मॅचिन यांनी कोरलेली तरुण एलिझाबेथ राणी. फेब्रुवारी १९६५ मध्ये कॅनबेराला नवी टांकसाळ उघडली होती. तिथून हे पन्नास बाहेर पडलं ते ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांबं घेऊन.

नेमकी तिथेच माशी शिंकली. नाण्याचं वजन १३.२८ ग्रॅम, म्हणजे त्यात शुद्ध चांदी साडेदहा ग्रॅमहून थोडी जास्त. चांदी औंसाला सुमारे दीड ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली की नाण्यातली चांदीच पन्नास सेंटहून महाग होणार, हा साधा हिशेब होता. चांदीचा भाव तोवर काबूत होता, कारण अमेरिकेचा खजिना आपल्या साठ्यातून औंसाला १.२९ अमेरिकी डॉलरने ती विकत होता. साठा आटू लागला, १९६७ मध्ये खजिन्याने हात आखडता घेतला आणि भाव उसळला. गोल पन्नास खिशांतून, गल्ल्यांतून भराभर दिसेनासं झालं. छत्तीस दशलक्षांहून जास्त नाणी पाडली होती, पण वस्तूची किंमत आकड्याच्या पुढे गेल्यावर ती खर्च कोण करणार? १९६७ आणि १९६८ या सालांची पन्नास सेंटची नाणी निघालीच नाहीत.

दुसरी तक्रार आकाराची होती. वीस सेंटचं नाणंही गोल, दातेरी आणि रुपेरी. रुंदीत फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. घाईत पन्नासच्या जागी वीस हातात पडायचं. म्हणून १९६९ मध्ये नाणं परत आणताना दोन्ही दुखण्यांवर एकदमच इलाज केला. चांदी काढून तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल घातलं. गोलाई काढून बारा कडा दिल्या आणि काठाचे दात घासून टाकले. राणी तीच, कांगारू-एमूही तेच राहिले. कडांची ही युक्ती नवी नव्हती. ब्रिटनचं बारा कडांचं पितळी तीन पेन्स १९३७ पासून चालत होतं, आणि त्याच १९६९ मध्ये ब्रिटनने आपलं पन्नास पेन्सचं नाणं सात कडांचं काढलं. आपलं अकरा कडांचं दोन रुपयांचं नाणं आलं ते नव्वदच्या दशकात.

या मोठ्या अंगणात पुढे स्मारक नाण्यांचं पीक आलं. १९७० मध्ये कॅप्टन कुकच्या पूर्व किनाऱ्यावरील सफरीला दोनशे वर्षं झाली, तेव्हा राजचिन्ह बाजूला सारून पहिल्यांदा कुक आणि नकाशा नाण्यावर आले. मग १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव, १९८१ मध्ये चार्ल्स-डायनाचं लग्न, १९८२ मध्ये ब्रिस्बेनचे राष्ट्रकुल खेळ. २००१ मध्ये संघराज्याची शताब्दी झाली, तेव्हा एकेका राज्याचं वेगळं नाणं निघालं. ही सगळी चलनात आलेली नाणी. तिथे राहणाऱ्या कुणा नातेवाइकाने सुटे पैसे चाळले तर यांतली बरीच दर्शनी किमतीतच हाती लागतात.

बारकाईने पाहायची सवय लावायला २००० सालचं सहस्रकाचं नाणं घ्यावं. त्यावर फडकणारा ऑस्ट्रेलियाचा झेंडा आहे. झेंड्याच्या कोपऱ्यातल्या युनियन जॅकवर भिंग धरा. बहुतेक नाण्यांत त्यातल्या क्रॉसच्या रेषा उठावाच्या असतात. काहींत त्याच रेषा आत खोल गेलेल्या दिसतात. बाकी नाणं जसंच्या तसं, पण संग्राहक या दुसऱ्या प्रकारासाठी पन्नास सेंटच्या कितीतरी पट मोजतात.

कुळाचा एक धागा मुंबईशीही जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या टांकसाळींना मागणी पुरवता येईना, तेव्हा १९४२ आणि १९४३ मध्ये त्यांच्या पेनी आणि अर्ध्या पेनी मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या गेल्या. राजाच्या मस्तकाखाली बारीक ‘आय’ हे अक्षर ही त्यांची खूण. दशमानपूर्व काळात एक पाऊल टाकायचं झालं, तर मराठी संग्राहकाने ते या पेनीवरच टाकावं.

गोल पन्नास विकत घेताना दुर्मीळ म्हणून कुणी भाव चढवला तर ऐकू नये. साधं, वापरलेलं नाणं त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने मिळतं आणि तेवढ्यालाच घ्यावं. सोनाराच्या काट्यावर १३.२८ ग्रॅमच्या आसपास भरतंय ना, हे पाहावं. चिंच-मीठ किंवा पॉलिश लावून ते चकचकीत करू नये. घासलेल्या पृष्ठभागाची किंमत संग्राहकाच्या लेखी उतरते, मग नुसती चांदी तेवढी उरते. त्याच्या शेजारी १९६९ चं बारा कडांचं नाणं ठेवा. त्यातला धातू पन्नास सेंटहून स्वस्त आहे, म्हणूनच वितळवायच्या लोभाने ते कुणी दडवलं नाही आणि तो साचा आजही चालतो. नाणं फिरतं राहायचं असेल तर धातू किमतीहून स्वस्त हवा, हा धडा कॅनबेराला तीन वर्षांत मिळाला. संग्राहकाला तो दोन नाणी शेजारी ठेवून मिळतो.