थरथरीची कुळकथा

औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जात असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेतील आरसे आणि रक्तातील तांबडी पेशी यांचे कूळ एकच आहे, हे विधान धाडसाचे वाटले तरी दोहोंच्या थरथरीचे गणित एकाच सिद्धांतातून निघते.

तांबड्या पेशीचे मेदपटल, म्हणजे मेदरेणूंचा सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचा दुपदरी पडदा, सतत लुकलुकते, हे ब्रोविच यांनी 1890 मध्ये नोंदवले होते. पटल वाकवण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे सूत्र हेल्फ्रिश यांनी 1973 मध्ये दिले आणि त्याच्या आधारे ब्रोशार व लेनॉन यांनी 1975 मध्ये ही लुकलुक केवळ उष्णतेने समजावता येते, असे दाखवले. थरथर किती, हे तापमान आणि पटलाचा ताठरपणा ठरवतात. ती किती सावकाश, हे भोवतीच्या द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, ठरवते. मोकळ्या द्रवात निम्म्या रुंदीची घडी आठपट वेगाने निवते. आरशावरील परावर्तक लेपातही हीच वाटणी आढळते: कंपनाची एकूण ऊर्जा तापमानाने ठरते आणि ती कोणत्या वारंवारतांवर पसरते, हे लेपातील अंतर्गत घर्षणाने. म्हणूनच कमी घर्षणाच्या लेपांचा शोध चालू असतो.

या कुळाचा मूळपुरुष कोण, यावर मात्र वाद आहे. विद्युत उपकरणांचे अभ्यासक 1928 मधील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांच्याकडे, म्हणजे रोधकातील उष्णताजन्य गोंगाटाकडे, बोट दाखवतात. हा दावा टिकत नाही, कारण द्रवाच्या विरोधावरून कणाची भटकंती मोजण्याचे सूत्र आइन्स्टाईन आणि मेलबर्नचे सदरलंड यांनी 1905 मध्येच, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मांडले होते आणि खेर्ट्राउडा दे हास-लोरेन्ट्स यांनी 1912 च्या आपल्या प्रबंधात तोच विचार विद्युत मंडलांपर्यंत नेला. पुढच्यांनी मागच्यांचे लिखाण वाचले होते की नाही, यापेक्षा वंशावळीत कल्पनेचा क्रम अधिक मोलाचा असल्याने मूळपुरुषाचा मान 1905 च्या द्रवालाच द्यावा लागतो. 1951 मध्ये कॅलन आणि वेल्टन यांनी थरथर आणि घर्षण यांचे हे नाते सर्वसाधारण सिद्धांताच्या रूपात सिद्ध केले.

तथापि 2016 मध्ये तांबड्या पेशीची आपसूक थरथर आणि बाहेरून लावलेल्या बलाला तिने दिलेला प्रतिसाद यांची तुलना झाली, तेव्हा सावकाश कंपनांत थरथर सिद्धांताच्या हिशेबापेक्षा अधिक भरली. हे आधिक्य पेशीतील रासायनिक ऊर्जेचे आहे. निर्जीव आरशाला अशी ऊर्जा नसल्याने त्याच्या लेपाला हा सिद्धांत सावकाश कंपनांतही लागू पडतो.